मोकाशी आडनाव नेमकं आलं कुठून?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही मोकाशी. मूळ गाव नगर जिल्ह्यात, शेवगाव तालुक्यात. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत की आपण मूळचे जाधव, छत्रपतींनी अख्खं गाव मोकासा दिलं म्हणून मोकाशी झालो. कुलस्वामिनी तुळजापूरची भवानी. गावात आमच्या आळीला लागूनच पाटलांची भावकी आहे. त्यांच्यात आणि आमच्यात सोयरीक होत नाही, कारण विचारलं तर जुनी माणसं म्हणतात, "एकच देवक, भाऊच आहेत आपले." पण ते जाधव-पाटील लिहितात, आम्ही मोकाशी.

आता गोंधळ असा की त्याच गावात दोन मुसलमान घरंही मोकाशी आहेत. पुण्यात नोकरीला लागल्यावर ब्राह्मण मोकाशी भेटले, सीकेपी मोकाशी भेटले. प्रत्येकाला वाटतं, "तुम्ही आमच्यातलेच का?" मुलीला शाळेत कुळाची माहिती लिहून आणायला सांगितलं आहे आणि मला तिला खरं तेच सांगायचं आहे. हे सगळे मोकाशी एका मुळाचे असू शकतात का? आणि नसतील तर आपलं मूळ शोधायचं कुठे? कोणाला माहिती असेल तर सविस्तर लिहा.

मोडीवाचक

गोदाकाठ, प्रश्न फार चांगला आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

मोकाशी हे हक्कावरून पडलेलं आडनाव आहे. मोकासा ज्याच्याकडे तो मोकासाई किंवा मोकासदार, आणि बोलण्यात मोकाशी. निजामशाही-आदिलशाहीत लष्करी चाकरीच्या बदल्यात सरदाराला एखाद्या गावाचा किंवा परगण्याचा वसूल लावून देत, तो मोकासा. शहाजीराजांकडे पुणे आणि सुपे परगणे होते ते मोकासा म्हणूनच. तेव्हा चाकरी कोण करतो हे बघत, जात-धर्म नाही. म्हणून मोकाशी मराठ्यांत आहेत, ब्राह्मणांत आहेत, प्रभूंत आहेत, मुसलमानांत आहेत. तुमच्या गावातल्या त्या दोन घरांना आडनाव तुमच्याकडून मिळालं असं मानायचं काही कारण नाही. त्यांच्या पूर्वजाचा वेगळा मोकासा असू शकतो, वेगळ्या काळातला.

आणि हा मोकासा वतनासारखा पक्का नव्हता. पाटीलकी, कुलकर्ण ही वतनं वंशपरंपरेनं चालत. मोकासा सरकार देई आणि सरकार काढूनही घेई. सतराव्या शतकातली आज्ञापत्रं उघडा, बऱ्याच पत्रांच्या सुरुवातीलाच "कारकुनानि हाल व इस्तकबाल व मोकदमानि" असं येतं. म्हणजे सध्याचे आणि पुढे येणारे कारकून आणि गावचे मुकादम. पत्र माणसाला नसतं, जागेवर बसलेल्याला असतं. माणूस बदलणार हे गृहीतच धरलेलं. तरीही एकदा लोकांच्या तोंडी "मोकाशांचं घर" बसलं की मोकासा गेल्यावरही नाव राहतं. (मोकदम किंवा मुकादम हा शब्द वेगळा. तो गावचा मुख्य, म्हणजे पाटीलच. त्याची आणि मोकाशाची गल्लत नेहमी होते.)

दुसरा मोकासा मात्र खूप निराळा आहे आणि तुमच्यासाठी तोच महत्त्वाचा ठरेल असं वाटतं. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. त्यानंतर दख्खनच्या मोगली मुलखातल्या वसुलाची वाटणी ठरली. हिशेबाला सोपं म्हणून गावचा वसूल १००० रुपये धरू. चौथाई २५० रुपये. त्यातला पाव हिस्सा, ६२॥ (साडेबासष्ट) रुपये, राजाची बाबती. उरलेले १८७॥ रुपये मोकासा. त्यातूनही चौथाईवर शेकडा ६ प्रमाणे सहोत्रा काढायचा, म्हणजे १५ रुपये, तो पंतसचिवांकडे. शेकडा ३ प्रमाणे नाडगौडा ७॥ रुपये, तो राजा मर्जीप्रमाणे देई. राहिले १६५ रुपये, हा ऐन मोकासा. तो सरदारांना फौजेच्या खर्चासाठी. सरदेशमुखीचे शंभर रुपये याहून निराळे.

म्हणजे हजारातले १६५. या काळातल्या मोकाशाकडे गाव नसे, गावातला एक हिस्सा असे, आणि एकाच गावावर मोगल जहागीरदार, बाबतीवाला, मोकाशी, सरदेशमुखीवाला असे सगळे एकदम हक्क सांगत. शेवगाव पट्टा तेव्हा मोगलाईत मोडतो. तेव्हा "अख्खं गाव मिळालं" ही आठवण तपासून बघायला हवी. घरात जुना कागद काही आहे का?

शाईदौत

वा, मोडीवाचक! अशा हिशेबामुळेच हा शब्द कळतो.

आम्ही पोतनीस. आमच्याकडे "पोत म्हणजे कापड, आपले पूर्वज कापडाचे व्यापारी" असं एक काका ठासून सांगायचे. हे कितपत खरं?

मोडीवाचक

शाईदौत, इथला पोत म्हणजे खजिना. नवीस म्हणजे लिहिणारा, त्याचं मराठीत नीस झालं. पोतनीस खजिन्याचा हिशेब लिहिणार आणि पोतदार नाणी पारखणार. चिटणीस पत्रव्यवहार बघणार, पारसनीस फारसी कागद लिहिणार, पागनीस पागेचा हिशेब ठेवणार, वाकनीस घडामोडी टिपून ठेवणार. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी यातल्या वरच्या पदांना संस्कृत नावं दिली. मुजुमदाराचा अमात्य झाला, वाकनीसाचा मंत्री, सुरनीसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. गंमत अशी की लोकांनी दोन्ही नावं आडनाव म्हणून ठेवली. मुजुमदारही आहेत आणि बावड्याचे पंतअमात्यही. डबीरही आहेत, सुमंतही.

पण काकांच्या मुद्द्यातलं एक सोडू नका. पोतनीसपणा घराण्यात येण्याआधी घराण्याला दुसरं काहीतरी आडनाव असणारच. नाना फडणीसांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, मूळ आडनाव भानू. फडावर, म्हणजे सरकारी हिशेबाच्या कचेरीत, काम करता करता भानू मागे पडलं. तुमचंही जुनं उपनाम गोत्र आणि कुलदैवतावरून शोधता येईल.

पेणची_लेक

माझ्या मते हुद्द्याच्या आडनावांपेक्षा गावाची आडनावं जास्त बोलतात. 'कर' लागलेलं आडनाव सांगतं की या माणसानं ते गाव सोडलं! गावात राहणाऱ्याला गावकरी कशाला गावाच्या नावानं हाक मारतील? सगळेच तिथले. होळ गाव सोडलं तेव्हा होळकर. आंगरवाडीचे संकपाळ दर्यावर गेले आणि आंग्रे झाले. गोव्यात मंगेशीहून निघालेल्या दीनानाथांनी मंगेशकर लावलं, घराण्याचं आधीचं आडनाव हर्डीकर होतं.

आणि आमच्या रायगड जिल्ह्यातलं सर्वांत सुंदर उदाहरण बेने इस्रायल लोकांचं. घाणा चालवायचे, शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली म्हणत त्यांना. त्यांची आडनावं बघा: किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, नवगावचे नवगावकर. धर्म यहुदी, घरातली बोली मराठी, आणि ज्या गावानं आसरा दिला त्याचंच नाव कायमचं लावलेलं. यातली बरीच कुटुंबं पुढे इस्रायलला गेली, पण किहीम आणि पेण सोबत घेऊन गेली. मला याचा फार अभिमान वाटतो. कोकणी मुसलमानांतही 'कर' भरपूर आहेत.

म्हणून गोदाकाठ, गावातल्या त्या दोन घरांकडेही जाऊन बसा. त्यांच्याकडे त्यांचा इतिहास असेल.

सह्यकडा

मूळ जाधव असाल तर मग प्रश्नच मिटला की. जाधव म्हणजे यादव, देवगिरीचे. शेलार म्हणजे शिलाहार, कदम म्हणजे कदंब, मोरे म्हणजे मौर्य, साळुंखे म्हणजे चालुक्य, पवार म्हणजे परमार. शहाण्णव कुळी राजवंशांतूनच आली. मुलीला अभिमानानं सांगा, आपण देवगिरीच्या यादवांचे वंशज.

मोडीवाचक

सह्यकडा, तुमची भावना समजते, आणि शब्दांचं नातं तुम्ही म्हणता तसं बऱ्याच अंशी मानलंही जातं. यादवचं जाधव होणं भाषेच्या नियमात चोख बसतं. पण शब्दाचं मूळ आणि रक्ताचं मूळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यावर मी जरा आग्रहानं लिहिणार आहे.

सिंदखेडचे जाधवराव, म्हणजे जिजाऊंचं माहेर, आपली परंपरा देवगिरीला नेऊन भिडवतात. देवगिरीचं राज्य १३१८ च्या सुमारास पुरतं संपलं. लखुजी जाधवराव १६२९ मध्ये मारले गेले. मधली तीनशे वर्षं आहेत. एवढ्या मोठ्या घराण्यालाही ही तीनशे वर्षं पिढीवार कागदानं भरून काढणं जड जातं, तर महाराष्ट्रभर पसरलेल्या हजारो जाधव घरांना ते कसं जमणार? राजाच्या पदरची माणसं, त्याच्या मुलखातली प्रजा, त्याच्या सैन्यातली पथकं, सगळ्यांनी राजकुळाचं नाव लावलेलं असू शकतं. आज जाधव अनेक जातींत आहेत ते उगाच नाही. पवार, चव्हाण, मोरे, शिंदे यांचंही तेच.

म्हणून कुळ शोधायचं तर आडनावापेक्षा देवक आणि कुलदैवत जास्त भरवशाची. आडनाव दोन पिढ्यांत बदलतं. लग्नात मांडवाला बांधायचं देवक बदलायची कोणाची छाती होत नाही. गोदाकाठनी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं की पाटलांशी सोयरीक होत नाही. माझ्या दृष्टीनं या धाग्यातला सर्वांत भक्कम पुरावा तोच आहे.

सह्यकडा

देवकाचा मुद्दा मान्य. पण आडनाव दोन पिढ्यांत बदलतं हे जरा जास्त होतंय.

पेणची_लेक

जास्त नाही हो दादा. जोतीरावांचं घराणं बघा. कटगुणचे गोऱ्हे. पुण्यात येऊन पेशव्यांकडे फुलं पुरवायला लागले आणि फुले झाले. बाबासाहेबांचं घराणं सकपाळ, आणि साताऱ्याच्या शाळेच्या दाखल्याच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० ची नोंद आहे ती 'भिवा रामजी आंबेडकर'. आंबडवे हे गावाचं नाव. एका पिढीत बदललं की.

नीराकाठ

मी एका वेगळ्या बाजूनं लिहिते. माझ्या आजीच्या माहेरचं घराणं शोधायला निघाले तेव्हा पहिला धक्का हा बसला की जुन्या नोंदीत आडनावच नसतं! कोतवाल बुकात जन्म-मृत्यूच्या नोंदी मोडीत आहेत, त्यात "रामा वलद लक्षुमण" किंवा "रामा बिन लक्षुमण" एवढंच, म्हणजे लक्षुमणाचा मुलगा रामा. पुढे जात. संपलं. आणि बायकांचं तर "काशी कोम रामा". कोम म्हणजे अमक्याची बायको. तिचा बाप कोण, माहेर कुठलं, काही नाही. लग्नाआधी वारली असेल तर कोणाची मुलगी ते तरी कळतं.

तेव्हा ज्यांना आईकडचं मूळ शोधायचं असेल त्यांनी नोंदींच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईशी बोलावं. आज बोलावं. मामाचं गाव कुठलं, आईच्या मामाचं कुठलं, लग्नात देवक काय बांधलं, बाळंतपणाला कुठे गेली, हे तिला पाठ असतं. माझ्या आजीच्या आतेबहिणीनं बसल्या बैठकीला चार पिढ्यांच्या सोयरिकी सांगितल्या, कोणत्या गावाला मुलगी दिली आणि कोणत्या गावची केली यासकट. सरकारी कागदात यातलं एक अक्षर नाही.

अजून एक. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यांकडे नामावळीच्या वह्या असतात. लांबट, जाडजूड. गेल्यावर ते आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग जात. गावावरून ठरतं कोणत्या उपाध्यांकडे तुमची वही. तिथे तुमच्या पूर्वजानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं असतं: मी अमुक, बाप अमका, आजा अमका, भाऊ, मुलगे, कधी आलो, कशासाठी आलो. मला पणजोबांच्या बापाचं अक्षर तिथे दिसलं. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागातल्या लोकांनी हेळव्यांनाही विचारावं. ते बैलावरून गावोगाव फिरत आणि घराण्यांच्या वंशावळी वहीत ठेवत, म्हणूनही दाखवत.

मोडीवाचक

नीराकाठ ताई, तुमचा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे. त्याला जोडून थोडं.

जमिनीचे जुने फेरफार आणि हक्क नोंदणीचे उतारे तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. इनाम किंवा वतन असेल तर इनाम कमिशनपुढे घराण्यानं कैफियत दिलेली असण्याची शक्यता असते. १८५२ च्या कायद्यानंतर इंग्रजांनी प्रत्येक इनामदाराला विचारलं, हे तुमच्याकडे कशावरून? उत्तरादाखल लोकांनी पिढीवार हकीकती दिल्या. पेशवे दप्तर पुण्याच्या पुरालेखागारात आहे. गाव आणि परगणा माहीत असल्याशिवाय तिथे जाऊ नका, नाहीतर हजारो रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांत, हरवून जाल.

वाचणाऱ्यासाठी सूचना. मोडीत दोन शब्दांत जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. 'मोकासी' दिसलं की वेगळं आडनाव समजू नका.

शाईदौत

एक प्रश्न राहिला. कुलकर्णी, पाटील, देशमुख यांची पदं गेली तरी आडनावं कशी टिकली?

मोडीवाचक

पदं जायच्या आधीच शाळेच्या आणि कोर्टाच्या कागदावर आडनाव पक्कं झालं होतं म्हणून. परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्यानं गेली, महसुली पाटलाचं पद १९६२ च्या कायद्यानं. तोवर पाटलाचा मुलगा मुंबईत गिरणीतही पाटीलच होता. ताम्रपटांत जो पट्टकिल दिसतो तो पाटील, इतका जुना हा शब्द आहे. आणि गावात वतनाचे वाटे पडले की सगळी भावकी पाटील लिहायची, काम मात्र एकजण करायचा.

गोदाकाठ

मंडळी, तुम्ही सांगितलं तसं करत गेलो. उशीर झाला त्याबद्दल माफी असावी, पण हाती बरंच लागलं आहे.

त्र्यंबकला वही मिळाली. खापरपणजोबांच्या आधीच्या पिढीतला लेख आहे. उपाध्यांनी वाचून दाखवला: "जाधव, उपनाम मोकासी". खाली भावांची नावं. त्यातल्या एका भावाच्या नावापुढे "पाटील मौजे मजकूर", याच गावचा पाटील. म्हणजे पाटलांची आळी आणि आमची आळी खरंच सख्ख्या भावांची निघाली. गावी जाऊन पाटलांच्या थोरल्या काकांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "देवक काय उगाच एक होतं होय?"

पेणची_लेक ताई, त्या दोन घरांकडेही गेलो. चहा झाला, त्यांनी पत्र्याची पेटी काढली. त्यांच्याकडे फारसी शिक्क्याचा एक कागद आहे, पूर्वज किल्ल्यावर चाकरीला होता असं ते सांगतात. कागद वाचून घ्यायचा आहे. त्यांच्या आणि आमच्या घरात इतकी वर्षं येणंजाणं, पण हा विषय कधी निघाला नव्हता.

आता मुख्य. आमच्या चुलत्यांच्या माळ्यावर एक मोडी कागद होता. मला एवढंच लावता आलं: "मोकासा अंमल", आमच्या गावाचं नाव, आणि तारखेच्या जागी "सु॥ सलासीन मया व अलफ". फोटो मोडीवाचकांना निरोपातून पाठवला आहे.

मोडीवाचक

फोटो पाहिला. आधी तारीख. सुहूर सनाचे आकडे अरबी शब्दांत लिहितात. सलासीन तीस, मया शंभर, अलफ हजार. झाले ११३०. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, कारण हे वर्ष मृगाला सुरू होतं. म्हणून १७२९-३०. शाहू महाराजांची कारकीर्द, चौथाईची वाटणी ठरून दहा वर्षं झालेली.

"मोकासा अंमल" हे शब्द स्पष्ट आहेत. गाव दिलेलं नाही, गावावरचा मोकाशाचा हिस्सा दिला आहे. घेणाऱ्याच्या नावाआधी जाधव आहे आणि मोकाशी हे आडनाव कागदात कुठेच नाही. ते साहजिक आहे, या कागदामुळेच तर ते पुढे पडलं. मुलीला सांगायचं तर असं सांगा: घराणं जाधवांचं, एका भावाकडे पाटीलकी राहिली, दुसऱ्याच्या शाखेकडे १७२९-३० च्या सुमारास मोकाशाचा हिस्सा आला आणि त्यावरून मोकाशी झालं. जाधव मागे कुठवर जातात ते या कागदावरून ठरत नाही.

एक बघायचं राहिलं. फोटोत कागदाचा तळ दुमडलेला आहे. शेवटी "मोर्तब सूद" (शिक्कामोर्तब झालं) आणि शिक्का असेल तर अस्सल, नसेल तर नंतर कोणी केलेली नक्कल. पाठीमागच्या बाजूला "सुरू सूद", "बार" असे दप्तरातले शेरेही असू शकतात. कागद हातानं ताणून उलगडू नका, घडीवर तुटेल. त्याला लॅमिनेशन तर मुळीच करू नका. दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाच्या उजेडात काढा आणि शेजारच्या घरातल्या फारसी कागदाचेही पाठवा. फारसी वाचणारे एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना विचारून कळवतो.

गोदाकाठ

रविवारी गावी चाललो आहे. दोन्ही कागदांचे फोटो एकत्रच पाठवतो.